इनफ म्हणजे किती?

हवल्ली, कुवेत
शाबान महिना, सन १९५९

मोहतरम आणि तीर्थरूप उस्मान मामू यांच्या सेवेशी,

भाचा बदरुद्दीनचा सलाम पोचावा. (मदरशात मौलवीसाहेबांनी ‘मोहतरम’ शिकवलं आणि मराठी शाळेत मास्तरांनी ‘तीर्थरूप’. दोघांपैकी कुणाचाच मार फुकट जाऊ नये म्हणून दोन्ही लिहितो.) अल्लाच्या मेहरबानीनं मी इथे ठीक आहे आणि जैतापुरात तुम्ही सगळे ठीक असाल अशी उमेद करतो. थंडीत धरलेला तुमचा गुडघा सुटला का? मुमानींना म्हणावं, अडुळशाचा काढा घ्या आणि चुलीपाशी बसणं कमी करा. ऐकणार नाहीत, पण म्हणावं. लाल बकरी व्याली का? झुलेखा आपाला वेगळं पत्र टाकलेलं नाही, कारण तुमच्या घरी माझं पत्र वाचलं जाताना ती शेजारच्या खिडकीत उभी असणारच. घरातल्या इतर सगळ्यांना ज्याच्या-त्याच्या मानाप्रमाणे सलाम आणि दुआ. या ‘इतर सगळ्यांत’ कोण कोण येतं ते लिहीत नाही, कारण ते नाव लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही हे तुमच्या मागच्या पत्रावरून कळत नाही.

ते पत्र मिळालं. तीन ओळींचं. त्याच्या आधीच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, की आमच्या नूरीचं तुझ्याशी करावं असं मुमानींच्या आणि माझ्या मनात आहे, तुझं म्हणणं काय? त्यावर मी चार पानी उत्तर लिहिलं. माझी लायकी ती काय, मी आईबापाविना पोरका, तुमच्याच ताटात भाकरी खाऊन शाळा शिकलो, आता वर तुमची मुलगी कुठल्या तोंडानं घेऊ, तुम्ही ही तसदी घेऊ नये, वगैरे वगैरे. मामू, चांगल्या घरातल्या मुलानं पहिल्या पत्राला असंच उत्तर द्यायचं असतं. पहिल्या हाकेला ‘हो’ म्हणणाऱ्या जावयाला आपल्याकडे अधाशी म्हणतात. आणि त्यावर तुम्ही काय लिहिलंत? ‘तुझा विचार समजला. जबरदस्ती नाही. राजापूरच्या काझींच्या अशरफकडून विचारणा आहे, ते लोक ईदनंतर येतील.’ खाली सही. संपलं! चार पानांना तीन ओळी! असो. या विषयावर मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. मला राग आलेला नाही. हे पत्र मी केवळ एका चिनी माणसाबद्दल आणि एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहितो आहे, आणि तुम्ही सगळी हयात इंग्रजांच्या बोटीवर बटलर म्हणून काढलीत, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

इथली थंडी तुम्हाला सांगून पटणार नाही. कुवेत म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं बारा महिने भट्टी. पण या दिवसांत वाळवंटावरून असा वारा सुटतो, की मी आणि माझा खोलीवाला युसूफ (हर्णैचा, शिंप्याच्या दुकानात आहे, मनानं चांगला, तोंडानं वाईट) दोन-दोन गोधड्या घेऊन बसतो आणि एकमेकांवर दार नीट लावलं नसल्याचा आरोप करतो. नोकरी तीच, कंपनीच्या गेस्ट हाउसात स्टोअरकीपरची. तांदूळ, साखर, डबाबंद मटार, साहेबांच्या बाटल्या, सगळ्याच्या किल्ल्या माझ्या कमरेला. आमचे मॅनेजर पेंडलटन साहेब. माणूस वाईट नाही, फक्त इंग्रज आहे.

दोन महिन्यांपूर्वी या गेस्ट हाउसात टेबलावर वाढायला हाँगकाँगचा एक माणूस आला, मिस्टर लाम. तेलाच्या बोटीवरून उतरला आणि इथेच राहिला. (युसूफनं नाव ऐकल्यावर लगेच अरबी अक्षरं काढली आणि ‘लाम आला, मग अलिफ कधी येणार?’ असं विचारलं. तोंडानं वाईट म्हणालो ते यासाठी.) हात इतका स्वच्छ, की काट्या-चमच्याचा आवाज होत नाही. पण इंग्रजी कच्चं. साहेबांनी बोली केली, की लंडनहून थोरले साहेब येणार आहेत, त्यांच्या मेजवानीपर्यंत टेबलावरचं इंग्रजी शिकलास तर कायम, नाहीतर परतीची बोट. लामच्या घरी म्हातारी आई आणि बायको. हाँगकाँगात काम नाही म्हणून तर तो समुद्रावर निघाला होता. आणि त्याला शिकवायचं कुणी? तर गेस्ट हाउसात इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेला एकच माणूस, तो म्हणजे मी. साहेबांनी मला बोलावून सांगितलं आणि मी लगेच मान डोलावली. (पाहिलंत? साहेबांचा हुकूम होता, आग्रह नव्हता, म्हणून पहिल्याच हाकेला हो म्हणालो. आम्हाला फरक कळतो.)

लामकडे एक पुस्तक आहे, खास चिनी लोकांना इंग्रजी शिकवण्यासाठी छापलेलं. त्यात एकेक इंग्रजी शब्द घेऊन त्याचा अर्थ चिनी भाषेत, वरून खाली, पागोळ्या पडाव्यात तसा लिहिलेला असतो आणि बाजूला इंग्रजी वाक्यं. ती वाक्यं कुणी रचली देव जाणे. आम्ही रोज दुपारी स्टोअरमध्ये तांदळाच्या गोणींवर बसून एक पान करायचो. एक दिवस ‘इनफ’ या शब्दाचं पान आलं. इनफ म्हणजे पुरे, किंवा पुरेसा. ही दोरी पुरेशी लांब आहे. आमच्याकडे पुरेशा खुर्च्या आहेत. हा मनुष्य लग्न करण्याइतका मोठा झाला आहे. हे शेवटचं वाक्य लामनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघून, तुमचं झालं का, असं खुणेनं विचारलं. मी पान उलटलं. मी बत्तीस वर्षांचा आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पण लाम हुशार. त्यानं पान परत मागे आणलं आणि पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला. टेबलावर पाहुणा ‘इनफ’ म्हणाला तर त्याला खरंच पुरे झालेलं असतं, की तो नुसतं म्हणतो? मामू, तुम्हीच सांगा, असा प्रश्न विचारणारा शागीर्द किती उस्तादांच्या नशिबी येतो? मी किल्ल्या बाजूला ठेवल्या आणि त्याला मनापासून शिकवलं. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा ‘पुरे’ म्हणतो ते आईबापांनी वळण लावलंय हे दाखवायला. दुसऱ्यांदा म्हणतो ते आत चुलीपाशी बसलेल्या बायकांना ऐकू जावं म्हणून. तिसऱ्यांदा दोन्ही पंजे ताटावर आडवे धरतो, तेव्हा कुठे त्या शब्दाला थोडा अर्थ येतो. आणि तरीही शरीफा खालांसारखी वाढणारी असली तर ती बोटांच्या फटीतून सांदण सरकवते. मी सुटा माणूस म्हणून दया येऊन रत्नागिरीच्या एका वलीम्यात, लग्नाच्या जेवणाला, तिनं मला इतकं वाढलं होतं, की मला उठवायला दोघे लागले. त्या जेवणाची तारीफ मी अजून करतो. पहिल्या ‘पुरे’ला ती थांबली असती, तर मी उपाशी उठलो असतो आणि जन्मभर तिला नावं ठेवली असती.

हे ऐकताना लामचे डोळे चमकायला लागले. त्यानं मांडी ठोकली. म्हणे आमच्याकडेही हेच! पाहुणा नको-नको करतो, यजमान वाडग्यात टाकतच राहतो, आणि पाहुण्याचा वाडगा रिकामा दिसला तर यजमानाला खाली बघायची पाळी. म्हणजे कोकण आणि चीन एकमत झाले. राहता राहिला अरब. त्याचा पुरावा तर माझ्या स्वतःच्या पोटात होता. आमचे घरमालक अबू खालिद यांनी मला पहिल्यांदा दिवाणियात, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, कडू गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, प्यायला बोलावलं, तेव्हा एका कपानंतर मी अदबीनं ‘बस’ म्हणालो. वाढणाऱ्यानं ओतली. मी पुन्हा बस म्हणालो, त्यानं पुन्हा ओतली. तोंडानं कितीही बस म्हणा, त्यांच्याकडे शब्दाला किंमतच नाही. रिकामा कप बोटांत धरून हलवला तरच ते थांबतात. हे युसूफनं मला सांगितलं, पण पोटात पखाल भरल्यावर सांगितलं. तर सांगायचं काय, की तीन मुलखांचं एकमत झाल्यावर मी लामला नियम करून दिला: पाहुण्याच्या तोंडच्या ‘इनफ’वर जाऊ नये, हात ताटावर येतो का ते बघावं. यात माझं काय चुकलं?

मेजवानीची रात्र आली. लंडनचे थोरले साहेब, त्यांची मॅडम, आणखी काही गोरे. मी पँट्रीच्या दाराच्या काचेतून बघत होतो. लाम भाजलेलं मटण आणि बटाटे घेऊन फिरत होता, पांढरा कोट, चेहऱ्यावर हसू. थोरल्या साहेबांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना मोजकं खायला सांगितलं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. (इंग्रज माणूस अंगात काठी शिरली तरी सांगत नाही.) एका बटाट्यावर ते ‘इनफ, थँक यू’ म्हणाले. मी दाराआड मान हलवली: वळण चांगलं आहे. लामनं दुसरा बटाटा ठेवला. साहेब पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्यानं. लामला वाटलं आत ऐकू जावं म्हणून बोलताहेत. त्यानं वाकून पँट्रीच्या दिशेला एक अदबीचं स्मित केलं आणि तिसरा ठेवला. वर रस्सा घातला. (ग्रेव्ही म्हणतात, पण तुम्हाला मी काय सांगायचं. मसाल्याची आणि तिची ओळख नाही.) आता साहेब तांबडे झाले आणि इतक्या जोरात ‘इनफ’ म्हणाले की टेबलावरचं बोलणं थांबलं. लामला भरून आलं. एवढा खानदानी पाहुणा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

शेवटी साहेबांनी हात आडवा धरला. लामनं खूण ओळखली, तो थांबलाही, पण पळी तिरकी झालेली होती. गरम ग्रेव्ही साहेबांच्या मनगटावर, तिथून कफवर आणि कफवरून मॅडमच्या झग्यावर गेली. आणि मॅडम बिचारी घाबरून, आपल्याला तरी वाढू नये म्हणून, पुढ्यातलं सगळं भराभर संपवून बसली होती. रिकामं ताट! लामनं तिकडे धाव घेतली. पुढचं लिहीत नाही. पुडिंग कुणी खाल्लं नाही एवढंच सांगतो. ते दुसऱ्या दिवशी मी आणि युसूफनं संपवलं, एकमेकांना भरपूर आग्रह करून.

सकाळी पेंडलटन साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात उभं केलं. याला हे कुणी शिकवलं, असं विचारल्यावर मी पुढे झालो. लपवायचं काय? मी साहेबांना आपला सगळा रिवाज समजावून सांगितला, शरीफा खालांसकट. अरबांचा कप सांगितला, चिन्यांचा वाडगा सांगितला. मी म्हणालो, साहेब, तीन मुलूख एका बाजूला आहेत आणि तुमचा एकटा दुसऱ्या बाजूला, तेव्हा जरा विचार करा. तुमच्याकडे पाहुणा पुरे म्हणाला की खरंच वाढायचं थांबतात? मग त्याला आणखी हवं असेल तर तो करतो काय? तेव्हा साहेबांनी चष्मा काढला आणि अगदी शांतपणे सांगितलं, “माझ्या देशात ज्याला आणखी हवं असतं, तो तसं सांगतो.”

मामू, मी तिथे सुन्न झालो. सांगतो! स्वतःच्या तोंडानं! परक्याच्या टेबलावर बसून, चारचौघांत, ‘मला आणखी बटाटा हवा’ असं मोठी मिशीवाली माणसं म्हणतात, आणि हे लोक आपल्यावर राज्य करून गेले! अहो, मग माणसाला लाज म्हणून काही देवानं दिली कशाला? आणि वाढणाऱ्याची माया कळणार कशी? हवं म्हटल्यावर खानावळवालाही वाढतो. नको म्हणत असताना वाढतो तो आपला माणूस. मी लहानपणी तुमच्या घरी जेवायला बसलो की दुसऱ्या भाकरीला पुरे म्हणायचो, कारण पोरक्या मुलानं तसंच म्हणायचं असतं, आणि तुम्ही ‘त्याला पुरे झालंय’ म्हणून टोपली उचलून न्यायचात. बोटीवरची सवय. त्यात तुमचं मन वाईट नव्हतं हे मला तेव्हाही कळायचं, पण भूक राहायची. मग मुमानी आतून ओरडायच्या की पोरगं लाजतंय, पुन्हा विचारा. नूरी मात्र कधी विचारत नसे. तेवढीशी होती, पण माझं बोलणं संपायच्या आत भाकरी ताटात टाकून पळायची. (हे नाव चुकून लिहिलं गेलं. शाईनं लिहिलेलं खोडलं तर पान खराब दिसतं, म्हणून राहू देतो.)

तर पुढे ऐका, कारण खरा प्रकार आता आहे. पेंडलटन साहेबांचा राग माझ्या भाषणानं थोडा उतरला असावा. ते लामला म्हणाले, टेबलावर तर तुला आता ठेवता येणार नाही, थोरल्या साहेबांनी तसं बजावलंय. पण आत स्वयंपाकघरात जागा आहे, पगार तोच, राहतोस का? मला वाटलं, चला, सुटलो. आणि लाम कमरेत वाकला आणि पुस्तकातलं वाक्य म्हणाला, मीच घोकून घेतलेलं, की मी तेवढा लायक नाही, साहेबांनी तसदी घेऊ नये. उच्चार बिनचूक. साहेब म्हणाले, ठीक आहे, तुझी इच्छा. आणि फाइल बंद केली.

मी स्टोअरमध्ये गेलो तर लाम सामान आवरून बसलेला. आवरून म्हणजे काय, ट्रंक भरलेली पण कुलूप उघडं, आणि तो ट्रंकेवर बसून दाराकडे बघत होता. मी विचारलं, अरे शहाण्या, नको कशाला म्हणालास? घरी आई आहे, बायको आहे, आणि वेड्यासारखं नको? तो माझ्याकडे असा बघायला लागला की वेडा मीच. म्हणाला, पहिल्यांदाच तर विचारलं. पुन्हा विचारतील. एवढे मोठे साहेब, लगेच कसं हो म्हणायचं? आणि परत दाराकडे बघायला लागला. दारात कुणी नव्हतं. बाहेर पाण्याची लॉरी रिकामी होत होती, तिचा ड्रायव्हर दिसला की लाम अर्धवट उठायचा आणि पुन्हा बसायचा.

मामू, ते मला बघवेना. का बघवेना ते तुम्हाला कळत नसेल तर माझं हे पत्र इथेच बंद करा. मी परवानगी न मागता साहेबांच्या ऑफिसात शिरलो आणि म्हणालो, “साहेब, त्याला पुन्हा विचारा.”

साहेब म्हणाले, तो नको म्हणाला, मी माझ्या कानांनी ऐकलं. मी म्हणालो, तो नको म्हणाला म्हणूनच सांगतोय. त्याला राहायचं नसतं तर त्यानं हसून उद्या सांगतो म्हटलं असतं. साहेब म्हणाले, मोठ्या माणसाला एकदा विचारल्यावर पुन्हा विचारणं हा त्याचा अपमान आहे. मी म्हणालो, साहेब, तो दाराकडे तोंड करून बसलाय. यावर साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग उठले, अंगणातून स्टोअरपर्यंत चालत आले (या थंडीत, कोट न घालता) आणि लामला पुन्हा विचारलं. लाम वाकला, नको म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी एक बोट वर केलं: आणखी एकदाच. त्यांनी आभाळाकडे बघून तिसऱ्यांदा विचारलं. लामनं सुस्कारा टाकला, साहेबांवर मोठा उपकार करतोय अशा चेहऱ्यानं हो म्हणाला, आणि ट्रंकेतून एप्रन काढून बांधला. एप्रन सगळ्यात वर ठेवलेला होता.

आता तो आत बदक भाजतो आणि थोरले साहेब जाईपर्यंत पोटाचं ऑपरेशन विसरून तेच मागून-मागून खात होते, स्वतःच्या तोंडानं, अगदी त्यांच्या देशाच्या रिवाजाप्रमाणे. आणि पेंडलटन साहेब मला चहाबरोबर बिस्किट देताना आता तीनदा विचारतात. दोनदाच पुरे असतं खरं म्हणजे, पण त्यांचा उत्साह मोडवत नाही. म्हणजे बघा, जातीचा नाही, धर्माचा नाही, सात समुद्रांपलीकडचा माणूस, त्यालाही सांगितल्यावर कळलं. आणि काही लोक कोकणात जन्मले, सांदण खाऊन वाढले, सख्ख्या बहिणीच्या मुलाचा स्वभाव पाळण्यापासून ओळखतात, आणि तरीही चार पानं वाचून तीन ओळी लिहितात! मी कुणाचं नाव घेत नाही. इंग्रजांच्या बोटीवर इतकी वर्षं काढली की माणसाचं असं होत असेल.

असो. पत्र लांबलं. मुमानींना अडुळसा द्या, तुम्ही गुडघ्याला कोमट तेल लावा, बकरीच्या पिल्लाला माझं नाव देऊ नका. लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल तर वडीलपणानं पोटात घाला आणि दुआ द्या.

तुमचा आज्ञाधारक,
बदरुद्दीन

ता. क. पत्र पाकिटात घालताना युसूफनं वाचायला मागितलं. त्याचं म्हणणं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस, मामूंना सरळ लिही. म्हणून सरळ लिहितो. राजापूरवाले ईदनंतर येणार असं तुम्ही कळवलंत. हे पत्र उद्याच्या मेलबोटीनं निघालं तर त्याच्या आधी पोचेल. मामू, मला पुन्हा विचारा. मीही इथे ट्रंकेवरच बसलो आहे.

आणखी एक. रिवाज तीनदा विचारण्याचा असला तरी बोटीला लागणारा वेळ बघता तेवढी चैन मला परवडणारी नाही. तुम्ही एकदाच विचारा, मी पहिल्याच पत्राला हो म्हणेन. अधाशी म्हणायचं तर म्हणा. पत्राऐवजी तारेनं विचारलंत तरी चालेल.

शेवटचं. एवढं लिहून होतंय तोच आपाचं पत्र हातात पडलं. ती लिहिते, की राजापूरचं स्थळ सांगितल्यावर नूरी जेवता-जेवता ‘नको’ म्हणाली आणि ताट घेऊन उठून गेली. आणि तुम्ही म्हणालात, पोरगी लाजतेय, दोनदा-तीनदा विचारू म्हणजे हो म्हणेल. मामू, तुमच्या पाया पडतो. जन्मभर तुम्ही इंग्रजासारखे वागलात आणि नेमके आजच कोकणातले झालात? तिला पुन्हा विचारू नका. ती नको म्हणाली ना, मग इनफ.